वध, खून आणि दृश्य

बाबूराव पेंटर यांच्या 'सैरंध्री' (१९२०) या मूकपटात भीमाने केलेला कीचकवध इतका हुबेहूब वठला होता, की सेन्सॉरने त्या दृश्यास कात्री लावली. 'गेम ऑफ थ्रोन्स' (२०११–१९) ही लोकप्रिय अद्भुतरम्य मालिका पाहताना त्या प्रसंगाचे स्मरण होते. सेन्सॉरची बाजू आम्हांस घ्यावयाची नाही. आमचा प्रश्न अर्थाचा आहे.

मढच्या बंगल्यांतून मालिकांचे चित्रीकरण चालते. पडद्यावरील रक्त म्हणजे रंग, हे येथील रहिवाशांस सांगावयास नको. तेव्हा आमची अरुची भयातून आलेली नाही. मराठीत 'वध' आणि 'खून' हे शब्द समानार्थी नाहीत. 'कीचकवध' म्हणताच मरणाराचा अपराध व मारणाराचा अधिकार सूचित होतो. 'कीचकाचा खून' असे कोणी म्हणत नाही. शब्द कृतीबरोबर तिचा निवाडाही देतो. कॅमेरा केवळ जखमेस भिडला, की हा निवाडा पुसला जातो.

मालिकेच्या पहिल्या पर्वात नेड स्टार्कचा शिरच्छेद होतो. तलवार उतरते आणि दृष्टी उडणाऱ्या पाखरांकडे वळते; अन्याय मात्र मनात रुतून बसतो. चौथ्या पर्वात (२०१४) ओबेरिनची कवटी हातांनी चिरडलेली दिसते. बहिणीसाठी न्याय मागणारा पुरुष त्या दृश्यात हरवतो. आठवते ती कवटीच. युद्ध असेच क्रूर असते, हे समर्थन येथे अपुरे पडते. कारण पहिल्या प्रसंगातील क्रौर्य उणे नाही. दोन्ही प्रसंग एकाच मालिकेतील आहेत. अर्थात दोष माध्यमाचा नव्हे, निवडीचा होय.