पाऊस का पडला नाही? पर्जन्यदेवतांच्या तुलनेविषयी

पर्जन्यदेवतांचा विषय निघाला की एक यादी हमखास पुढे येते. भारतात इंद्र, ग्रीसमध्ये झ्यूस, प्राचीन सीरियात बाल, मेक्सिकोत त्लालोक. प्रत्येक नावापुढे एकच खुलासा: पावसाचा देव. परीक्षेला अशी यादी उपयोगी पडते. पण या देवांमध्ये खरा फरक कुठे आहे, हे तिच्यातून कळत नाही. म्हणून आज आपण त्या यादीचीच थोडी चिकित्सा करू.

यादीमागे एक गृहीत दडलेलं आहे. पाऊस कसा पडतो हे जुन्या माणसाला समजत नव्हतं, म्हणून त्यानं देव कल्पिला, असं ते गृहीत. जेम्स फ्रेझर यांच्या १८९० साली आलेल्या 'द गोल्डन बाव' या ग्रंथानं हा विचार दूरवर पोचवला. त्यांच्या लेखी जादू म्हणजे चुकलेलं विज्ञान.

विटगेनस्टाइन यांनी १९३१ पासून फ्रेझरांवर टिपणं लिहिली, त्यांत एक साधी गोष्ट दाखवून दिली. आफ्रिकेतल्या पर्जन्यराजाकडे लोक पाऊस मागायला केव्हा जातात? पावसाचे दिवस आले की. कोरड्या ऋतूत कोणी जात नाही. म्हणजे पाऊस केव्हा येतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आपल्याकडे बघा ना. अंगाला कडुलिंबाचा पाला बांधून पोरं धोंडी मागायला निघतात, घरोघरच्या बाया त्यांच्यावर पाणी ओततात. हे कधी होतं? मृग कोरडा गेल्यावर. फाल्गुनात कोणी धोंडी काढत नाही. पावसाचं वेळापत्रक शेतकऱ्याला आपण शिकवायला नको.

मग देव कशाला लागतो? आमचं म्हणणं असं की, ठरल्या वेळी पडणाऱ्या पावसाला कथेची फारशी गरज नसते. कथा लागते ती न पडलेल्या पावसासाठी. पाऊस का पडला नाही, आणि त्याचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं? हा प्रश्न हातात घेऊन पाहिलं की यादीतले देव एकमेकांपासून पार वेगळे होतात.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं बत्तिसावं सूक्त घ्या. वृत्र नावाच्या अहीनं पाणी अडवून ठेवलं आहे आणि इंद्र वज्रानं त्याला मारून ते मोकळं करतो. म्हणजे पाणी आहे, कुणीतरी दाबून ठेवलंय. दोष साठेबाजाचा. आता गंमत पाहा. हा वृत्र कोण, याची दोन मतं यास्कानं निरुक्तात शेजारी शेजारी नोंदवली आहेत. नैरुक्त म्हणतात मेघ, ऐतिहासिक म्हणतात त्वष्ट्याचा मुलगा असलेला असुर. ज्यांना आपण भोळे समजतो, त्यांच्यातच हा वाद दोन हजार वर्षांपूर्वी चालला होता.

आता सीरियाच्या किनाऱ्यावर जाऊ. रास शामरा इथं १९२९ साली उत्खनन सुरू झालं, प्राचीन उगारित नगर सापडलं आणि मातीच्या पाट्यांवरची बालाची कथा हाती आली. इथं पावसाचा देव स्वतःच मरतो. मोत, म्हणजे मृत्यू, त्याला गिळतो. अनात ही देवी त्याला शोधते, पुरते, आणि मग मोतलाच गाठते. ती त्याला तलवारीनं चिरते, पाखडते, जाळते, जात्यात दळते आणि शेतात पेरते. ही तर शेतातली आणि घरातली कामं! याद्यांमध्ये अनात 'युद्धदेवता' म्हणून दुसऱ्याच रकान्यात बसवलेली असते. पण तिच्या मेहनतीवाचून या कथेत पाऊस परत येत नाही. पर्जन्यदेवी शोधायच्या तर अशा रकान्यांबाहेर शोधाव्या लागतात.

तिसरा त्लालोक. आजच्या मेक्सिको सिटीच्या जागी अ‍ॅझ्टेकांचं महामंदिर होतं. त्याच्या माथ्यावर दोन गाभारे, एक युद्धदेवाचा आणि एक त्लालोकचा. अ‍ॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत बळीला जो शब्द होता, त्याचा अर्थ 'कर्जफेड'. पाऊस हे देवाचं देणं आणि ते माणसानं फेडायचं. मंदिराच्या उत्खननात त्लालोकला वाहिलेल्या चाळीसहून अधिक लहान मुलांचे अवशेष एकाच ठिकाणी मिळाले. बळी जाणारी मुलं रडली तर तो पावसाचा शुभशकुन मानत, असं सोळाव्या शतकात साहागून यांनी नोंदवून ठेवलं आहे.

इथं आपल्याला फ्रेझर पुरत नाहीत आणि विटगेनस्टाइनही पुरत नाहीत. एक म्हणतो विधी म्हणजे चूक, दुसरा म्हणतो विधीतून माणसाची भावना व्यक्त होते. किंमत कोण मोजतं, हे दोघांच्याही विवेचनात मागे पडतं. रामायणातली ऋष्यशृंगाची कथा आठवा. तिथं अंगदेशात अवर्षण पडतं ते रोमपाद राजाच्या अपराधामुळे. दोष सिंहासनावर बसलेल्याचा. त्लालोकपुढे मात्र ज्यांनी काहीच केलं नव्हतं, त्या मुलांनी फेड केली. दोन्ही कथांना 'पावसाच्या पुराणकथा' म्हणून एका पिशवीत कोंबणं ही आमच्या मते नुसती ढिलाई नाही, तो अन्याय आहे.

आणि हा प्रश्न परंपरेच्या बाहेरून आणलेला नाही, बरं का. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण नंदाला विचारतो, इंद्राचा याग कशासाठी? मेघ रजोगुणानं प्रेरित होऊन बरसतात, त्यात इंद्र काय करणार? आपलं जगणं गायींवर, डोंगरावर, रानावर आहे. इंद्र चिडतो, प्रलयाचा पाऊस पाडतो. तेव्हा कृष्ण काय करतो? गोवर्धन स्वतःच्या हातावर धरतो आणि गुराढोरांसकट सगळ्यांना खाली घेतो. देवाला प्रश्न विचारल्यावर जे संकट आलं, त्याचा भार त्यानं दुसऱ्याच्या माथी मारला नाही.

तेव्हा यापुढे कुठल्याही देशाचा पर्जन्यदेव वाचनात आला, तर त्याचं नाव आणि आयुध टिपून थांबू नका. त्या कथेत दुष्काळाचा दोष कोणावर येतो आणि फेड कोण करतं, एवढं पाहा. पाऊस लांबला की आपणही असाच कोणीतरी शोधत असतो, म्हणून ही तपासणी केवळ पुराणांपुरती राहत नाही.