नामफलकातले क्रियापद

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. आमचा देगलूर तालुका तर त्या दिवशी दुभंगलाच. बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे तिकडे गेली, बाकीचा तालुका इकडे आला. सीमाभागाच्या इतिहासात एवढे नोंदलेले असते. त्यानंतर बरोबर तीस दिवसांनी, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून फुटबॉलची उपांत्य फेरी गाठली. ही नोंद त्या इतिहासात नसते. माझ्या मते ती असायला हवी, कारण त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे होते आणि चारपैकी तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईचा होता. एक आपण नुकत्याच सोडलेल्या राज्याचा, दुसरा आपण नुकत्याच गाठलेल्या राज्याचा. दोघांवरही आपला हक्क पोचत होता. आपण एकावरही सांगितला नाही.

मैदानावर जुन्या खेळाडूंचा सन्मान कसा करावा, हा प्रश्न आपण क्रीडापानावर सोडून देतो. मी तो लेखनाचा प्रश्न मानतो. कोनशिला, नामफलक, पुतळ्याखालची अक्षरे हेही वाङ्मयच आहे आणि त्याची समीक्षा व्हायला हवी. मी समीक्षा वर्गात बसून शिकलेलो नाही. आमच्या तालुक्यातल्या होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरांपासून सुरुवात करून, शिलालेखांच्या नादाने इकडे आलो. त्या काळच्या दानलेखांची एक शिस्त असते. कोणी दिले, कोणाला दिले, काय दिले, केव्हा दिले. आणि जो हे मोडील त्याला शाप. लेखाचा सगळा भार ‘दिले’ या क्रियापदावर असतो. आजच्या क्रीडासंकुलाची कोनशिला वाचा. वर एक थोर नाव, खाली पदांसह पाचपंचवीस नावे, आणि क्रियापद एकच: समारंभ ‘संपन्न झाला’. ज्याच्या नावाने मैदान आहे त्याने काय केले, त्याला क्रियापद उरलेलेच नसते. ते उद्घाटकांच्या वाट्याला गेलेले असते.

हैदराबादचे फतेह मैदान १९६७ पासून लाल बहादूर शास्त्री स्टेडियम आहे. गचीबावलीच्या मैदानाला लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी यांचे नाव आहे. मे २०२५ मध्ये वानखेडेवर एकाच दिवशी तीन नावे लागली: अजित वाडेकर, रोहित शर्मा आणि शरद पवार. दोन खेळाडू, एक प्रशासक. आपल्या मानाने हे प्रमाण बरेच म्हणायचे.

पुतळ्याचा मार्गही आपण पाहिला. गोवामुक्तीला साठ वर्षे पुरी होऊन नऊ दिवस झाले होते, तेव्हा, २८ डिसेंबर २०२१ रोजी, कळंगुटला क्रिस्तियानो रोनाल्डोचा ४१० किलोचा पुतळा उभा राहिला. तत्कालीन मंत्री मायकल लोबो यांचे म्हणणे, पोरांना फुटबॉलची प्रेरणा मिळावी. विरोधकांनी काळे झेंडे दाखवले आणि विचारले की पोर्तुगीज खेळाडूच का? मला या वादात पोर्तुगालचा मुद्दा दुबळा वाटतो. खेळाडूला पासपोर्ट विचारू नये. विरोधकांचा दुसरा मुद्दा मात्र बिनतोड होता. भारताचा कर्णधार राहिलेला, अर्जुन पुरस्कार मिळवलेला गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर याच मातीतला असताना हा मान बाहेर का गेला? मी त्यात एवढीच भर घालीन की रोनाल्डोने काय केले ते कळंगुटच्या पोराला पुतळ्याआधीच पाठ होते. त्या धातूने त्याला नवे काहीच सांगितले नाही.

नेव्हिल डिसोझाची गोष्ट उलटी आहे. वांद्र्याच्या मैदानाला त्याचे नाव आहे आणि तिथे मुंबईच्या लीगचे सामने रंगतात. हे चांगलेच झाले. पण नाव रोज वापरात आले की त्याचा पत्ता होतो. ‘उद्या नेव्हिलला मॅच’ असे म्हणणाऱ्या पोराला मेलबर्न आठवत असेल का? ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धचा भारताचा एकमेव गोलही त्याचाच. चार गोलांसह तो त्या स्पर्धेच्या अग्रस्थानी बरोबरीने होता. १९८० साली तो गेला तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

आता रहीमसाहेब. २०२४ मध्ये ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला आणि नाव पुन्हा कानावर पडले. चित्रपटाला शेवटचा सामना लागतो. मला त्यांचा मास्तरकीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. ते मुळात शाळामास्तर होते. ड्रिब्लिंगला बंदी असलेले सामने ते भरवीत, म्हणजे चेंडू पायाशी खेळवत न बसता पुढे द्यावाच लागे. कमजोर पायानेच खेळण्याचे सामनेही भरवीत. उजव्या पायाच्या पोराने डाव्याने खेळायचे! मैदानावर वर्ग घेण्याची ही रीत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांच्याच संघाने, अनेक खेळाडू अनवाणी असताना, युगोस्लाव्हियाकडून १-१० असा मार खाल्ला होता. चार वर्षांनी त्याच युगोस्लाव्हियाशी उपांत्य फेरीत १-४. रोममध्ये १९६० साली फ्रान्सशी १-१. जकार्ताला ४ सप्टेंबर १९६२ रोजी दक्षिण कोरियाला २-१ हरवून आशियाई सुवर्ण, तेही कर्करोग अंगात असताना. पुढच्या जूनमध्ये ते वारले. १-१० हा आकडा फलकावरून गाळू नये, असे माझे मत आहे. तो गाळला तर पुढचे सगळे आकडे पोरके होतात.

हा फलक महाविद्यालयाच्याच मैदानावर का? रहीमसाहेब उस्मानिया विद्यापीठातून शिकले, आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आमच्याकडची महाविद्यालयेही उस्मानियाच्याच छत्राखाली होती. नाते कागदोपत्री आहे, ओढूनताणून आणलेले नाही. आसामात हे घडलेही आहे: १९४८ च्या ऑलिम्पिक संघाचे कर्णधार डॉ. तालिमेरेन आओ यांचे नाव गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजच्या इनडोअर स्टेडियमला दिले आहे. कोणी म्हणेल, मराठवाड्यात फुटबॉलची परंपरा कुठे? पहाटे आमच्याकडच्या कोणत्याही कॉलेजच्या मैदानावर जा. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पोरे घड्याळ लावून धावताना दिसतील. रहीमसाहेबांचा सर्वांत गाजलेला क्लबसंघ होता हैदराबाद सिटी पोलीस. त्याने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईला जाऊन रोव्हर्स कप जिंकला. खाकीचे स्वप्न पाहणाऱ्या पोराला ही माहिती त्याच्याच मैदानावर मिळायला काय हरकत आहे?

मजकुराचा माझा मसुदा असा: ‘सय्यद अब्दुल रहीम, शिक्षक. कमजोर पायाने खेळायला शिकवले. १९५२ मध्ये १-१० ने हरले. १९५६ मध्ये भारताला ऑलिम्पिक उपांत्य फेरीत नेले. १९६२ मध्ये आजारपणात आशियाई सुवर्ण मिळवून दिले.’ शेजारी दुसरा: ‘नेव्हिल डिसोझा, मुंबई. मेलबर्न, १ डिसेंबर १९५६. ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले.’ दोन्ही फलक प्रवेशद्वारावर नकोत, तिथे कोणी थांबत नाही. धावून आल्यावर पोरे जिथे पाणी पितात, त्या टाकीच्या भिंतीवर लावावेत, डोळ्यांच्या उंचीला. मराठीत, आणि खाली उर्दूत व तेलुगूतही, कारण देगलूरच्या बाजारात या तिन्ही भाषा चालतात.