धरण, धरणीकंप आणि सिद्धांत

मराठीत ‘सिद्धांत’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. सभेतल्या वक्त्यापासून पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींपर्यंत प्रत्येकाच्या खिशात एकदोन सिद्धांत असतातच. यात थोडा दोष शब्दाचाही आहे. जे अखेरीस सिद्ध झाले तो सिद्धांत; भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला, त्याच्याही आधीपासून हा शब्द आपल्या कानाला न्यायाधीशाच्या निकालासारखा लागतो. विज्ञानातला सिद्धांत निकाल नसतो. ती एक पैज असते. “अमुक घडले तर मी हरलो” असे जो विचार आगाऊ सांगून ठेवतो, त्यालाच कार्ल पॉपर हा तत्त्वज्ञ वैज्ञानिक म्हणायला तयार होता. १९३४ साली त्याने हे मांडले, आणि त्यावर पुष्कळ वाद झाले. तरी ही कसोटी हाताशी ठेवावी असे मला वाटते.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात हा वाद पोथीतला राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यात; पण सास्तूर आणि त्याच्या आसपासची उद्ध्वस्त गावे आमची, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि जड माळवदे यांच्याखाली हजारो माणसे झोपेतच गेली. तोवर दख्खनचे पठार अचल समजले जाई, आणि भूकंपाच्या सरकारी नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. या समजुतीला आज हसणे सोपे आहे. मी हसणार नाही. “येथे मोठा भूकंप होणार नाही” असे तिने स्पष्ट सांगितले होते, म्हणूनच ती खोटी ठरू शकली. विचार म्हणून तिची जात अस्सल होती.

मग तिचे चुकले कोठे? मला वाटते, कोयनेला. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपाने कोयनानगर हादरले, तेव्हाच पठाराच्या अचलपणाला तडा गेला होता. पण ते धरणामुळे झाले, असे म्हणून तो तडा लिंपता आला. किल्लारीला १९९२पासून लहान धक्के बसत होते, तरी अनर्थाची कल्पना कोणाला आली नाही, त्याचे एक कारण हे लिंपण असावे.

गंमत अशी, की कोयनेच्या धरणाचा विचार स्वतः अगदी चोख आहे. जलाशयाच्या पाण्याचा भार खालच्या खडकावर पडतो, आणि पाणी भेगांतून झिरपून जुन्या प्रस्तरभंगावरची पकड सैल करते. हे खरे असेल, तर धक्के पाणी साठू लागल्यावर वाढले पाहिजेत, जलाशयाच्या परिसरातच राहिले पाहिजेत, आणि पाण्याच्या वार्षिक चढउताराशी त्यांचा मेळ बसला पाहिजे. १९६२च्या सुमारास पाणी साठू लागले तेव्हापासून धक्के चालू आहेत, ते मुख्यतः सुमारे वीस किलोमीटर रुंद आणि तीस किलोमीटर लांब अशा टापूतच आहेत, आणि पावसाळ्यानंतर त्यांना जोर येतो. विचाराने मान पुढे केली, आणि ती अद्याप शाबूत आहे.

आता माकणीकडे येऊ. लोहारा तालुक्यात तेरणेवरचे निम्न तेरणा धरण आहे. किल्लारी तेथून जवळ असल्याने, हाही भूकंप धरणानेच घडवला, असे काही भूशास्त्रज्ञांनी सुचवले. इतरांना ते पटले नाही. तसे सुचवणे गैर नव्हते. पण गावगप्पांत ऐकू येते ती या विचाराची दुसरीच आवृत्ती. तलाव भरलेला होता म्हणून भूकंप झाला. नंतर कैक पावसाळ्यांत तो भरला, दुष्काळांत तळाला गेला, पण तसा भूकंप पुन्हा झाला नाही. तर म्हणे जमिनीतला ताण एकदाच मोकळा झाला. भूकंप झाला तरी बरोबर, न झाला तरी बरोबर! असा विचार कदाचित खराही असेल. पण जोवर तो स्वतःच्या पराभवाची अट सांगत नाही, तोवर त्याला मी सिद्धांत म्हणणार नाही.

अट मान्य करून हरणारेही आपल्याकडे झाले आहेत, हे नोंदले पाहिजे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर प्रभृतींनी २००८ साली ज्योतिषांपुढे पत्रिका ठेवल्या. त्यांतल्या काही हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहिल्या. त्यांची उत्तरे शंभरात सेहेचाळीस बरोबर आली. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आलीच असती. त्या सत्तावीस जणांविषयी मला आदर वाटतो, कारण ते परीक्षेला बसले.

माकणीच्या गोष्टीत नुकसान तर्कशास्त्राचे नाही, घरांचे आहे. दोष सगळा धरणाचा ठरला, की जेथे धरण नाही तेथला मनुष्य निर्धास्त होतो. तेथे घर बांधणाऱ्याने सिमेंटच्या पट्ट्यांवर खर्च का करावा? २००२ साली नकाशा सुधारला, तेव्हा सर्वांत कमी धोक्याचा पहिला विभागच काढून टाकण्यात आला, आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. नकाशा करणाऱ्यांनी आपली हार अशी कागदावर लिहून दिली. आमच्या पारावरच्या गप्पांत मात्र माकणीचे धरण अजून एकटेच आरोपी आहे.