पाइपवरचा शिक्का कोणासाठी मारला होता?

समजा, तुमच्या हातात कुणी एक जुना लाकडी पाइप ठेवला आणि म्हणालं, याचं वय सांगा. दांड्यावर बारीक अक्षरांत लिहिलंय, 'मेड इन आयरिश फ्री स्टेट'. तोंडात धरायची नळी जिथे बसते तिथे चांदीचं कडं आहे आणि कड्यावर चिमुकल्या खुणा आहेत. तुम्ही काय सांगाल?

जुने पाइप गोळा करणारे लोक याचं उत्तर अर्ध्या मिनिटात देतात. डब्लिनच्या पीटरसन कंपनीच्या पाइपांसाठी त्यांच्याकडे एक तयार तक्ता असतो. 'आयरिश फ्री स्टेट' असेल तर 1922 ते 1937. 'एरा' हे आयरिश भाषेतलं देशाचं नाव असेल तर त्यानंतरचा. 'रिपब्लिक ऑफ आयर्लंड' असेल तर 1949 किंवा पुढचा. आजची नोंद या तक्त्यावर आहे, कारण वस्तूंवर काम करणारे आपणही असे तक्ते बिनदिक्कत वापरतो.

आधी तक्त्याची बलस्थानं पाहू. फ्री स्टेट 6 डिसेंबर 1922 ला अस्तित्वात आलं. 1937 च्या राज्यघटनेने देशाचं नाव बदललं. 18 एप्रिल 1949 पासून तो अधिकृतपणे प्रजासत्ताक झाला. म्हणजे 'रिपब्लिक'चा शिक्का 1930 च्या पाइपवर मुळातून असू शकत नाही. इथवर तक्ता पक्का आहे.

गडबड दुसऱ्या टोकाला आहे. शिक्का 'या तारखेच्या आधीचा नाही' एवढंच सांगतो. 'या तारखेनंतरचा नाही' हे तो सांगत नाही. देशाचं नाव बदललं म्हणून कारखान्यातला जुना ठसा त्याच दिवशी भंगारात गेला, असं आपण गृहीत धरतो. त्याचा पुरावा शिक्क्यात नाही. तो शोधायचा तर कारखान्याचे कागद, छापील यादीपत्रकं, विक्रीच्या नोंदी पाहाव्या लागतील. तक्त्यात मात्र दोन्ही टोकं सारख्याच आत्मविश्वासाने छापलेली असतात. माझा पहिला आक्षेप हाच आहे.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. हा शिक्का मारला कोणासाठी? अमेरिकेत 1890 च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव असणं सक्तीचं केलं. निर्यात करणाऱ्या कारखान्यांना अशा कायद्यांकडे बघून ठसे बनवावे लागत. म्हणजे हे अक्षर जकातवाल्याने वाचावं म्हणून आलं. इतिहास लिहिणारा त्याच्या हिशेबातच नव्हता.

आता कडं बघा. सोन्याच्या दागिन्यावरचा हॉलमार्क आणि 916 हा आकडा तुम्हाला माहीत आहे. डब्लिनमध्ये ही परंपरा 1637 च्या सनदेपासूनची आहे. मुकुट घातलेली वीणा म्हणजे हजारात 925 भाग चांदी. त्याशेजारी वर्षाचं अक्षर असतं. बसलेली स्त्री म्हणजे हिबर्निया. ही खूण 1730 मध्ये आली ती कर भरल्याची पावती म्हणून. पुढे करासाठी राजाचं मुंडकं आलं आणि हिबर्निया डब्लिनच्या तपासणीची खूण म्हणून उरली. एकच चित्र, पण 1750 साली त्याचा अर्थ एक आणि 1900 साली दुसरा. शिवाय वर्षाचं अक्षर चांदी कधी तपासली ते सांगतं. ते कडं पाइपवर कधी बसलं, की नंतर दुरुस्तीत बदललं, हे ते सांगत नाही.

आणि एक गंमत. निकेलच्या स्वस्त कड्यांवर पीटरसनने शॅमरॉकचं पान, आयरिश कुत्रा आणि गोल मनोरा अशी चित्रं उमटवली. दिसायला अगदी हॉलमार्कसारखी, पण तपासणीशी त्यांचा काही संबंध नाही. ही खूण गिऱ्हाइकासाठी होती. जकात, चांदीची तपासणी आणि दुकान, असे तीन वेगळे वाचक एकाच पाइपवर शेजारी शेजारी बसलेत. त्यांचे प्रश्न वेगळे होते, हे विसरलो की आपण तिन्हींना 'प्राथमिक साधन' म्हणून एकाच रांगेत बसवतो.

शिक्क्यात काय येत नाही, तेही बघायला हवं. 'मेड इन आयर्लंड' खरं आहे, पण पाइपचं लाकड तिथलं नाही. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राभोवती वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी आलेली गाठ. ती खणून काढतात, कापून तासन्‌तास उकळतात, महिनोन्‌महिने वाळवतात, मग ते ठोकळे कारखान्यात जातात. चार्ल्स पीटरसन स्वतः आजच्या लाटव्हियाच्या भागातून आलेला, त्याचे भागीदार काप हे जर्मन घराणं. पाइपमधली ओल साठवणारी पोकळी (1890) आणि धूर जिभेऐवजी टाळूकडे वळवणारं नळीचं टोक (1898) ही त्याची पेटंट कंपनीच्या नावाने गाजली. गाठ खणणाऱ्याचं, लाकूड घासणाऱ्याचं नाव कुठेच उमटत नाही. फक्त शिक्क्यांवरून लिहिलेला 'आयरिश कारागिरीचा इतिहास' म्हणूनच हळूहळू एका ब्रँडचा इतिहास होऊन बसतो.

यावरून संग्राहकांना हसू नका. पीटरसनचा सविस्तर इतिहास 2018 मध्ये मार्क अर्विन आणि गॅरी माल्मबर्ग यांनी पुस्तकरूपात आणला, आणि ते दोघंही संग्राहक. हजारो पाइप हाताळलेल्या माणसाची नजर ग्रंथालयात मिळत नाही. धोका पुढच्या पायरीवर आहे. विक्रेता तक्ता बघून जाहिरातीत '1930 चं दशक' लिहितो. पुढचा माणूस तीच जाहिरात तक्त्याला दुजोरा म्हणून दाखवतो. अशा दहा जाहिराती जमल्या तरी पुरावा एकच राहतो. तुमच्या प्रबंधात हे शिरलं तर तोंडी परीक्षेत एका साध्या प्रश्नावर अख्खं प्रकरण अडकेल.

म्हणून प्रस्ताव लिहिताना प्रत्येक वस्तूसाठी चार रकाने करा. खूण काय आहे? ती कोणी, कोणाला दाखवायला केली? तिच्यावरून कोणतं टोक पक्कं होतं, आधीचं की नंतरचं? आणि वस्तूचा कुठला भाग नंतर बदललेला असू शकतो? वरच्या पाइपसाठी हे भरलं तर उत्तर येतं : 'शिक्का डिसेंबर 1922 च्या आधीचा नाही, कड्यातल्या चांदीची तपासणी अमुक साली, नळी मूळची आहे का, हे तपासायचं बाकी.' तक्त्याच्या मानाने हे उत्तर अडखळतं. पण मार्गदर्शकांनी 'कशावरून?' विचारलं, तर यातल्या प्रत्येक शब्दाला तुमच्याकडे उत्तर असेल.