पाटी कोणासाठी?

वणी परिसरातून मोठ्या उपचारासाठी निघालेला रुग्ण यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर किंवा सेवाग्राम गाठतो. डॉक्टर सांगतात, ‘रक्त तपासून घ्या, मग फोटो काढा.’ नातेवाईक बाहेर येऊन पाट्या वाचू लागतो : विकृतिशास्त्र, क्ष-किरणशास्त्र, अस्थिव्यंगोपचार. ‘रक्त’ कुठेच नाही, ‘फोटो’ही नाही. मोठ्या रुग्णालयांतल्या अशा पाट्यांबद्दल आमची मुख्य तक्रार हीच आहे. त्या विभागाचे नाव सांगतात, आलेल्या माणसाचे काम सांगत नाहीत. घरी कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्याची अडचण तर दुहेरी.

मग चित्रे काढावीत का? १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती व तिच्यावर त्याचे चिन्ह होते. बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते, तरी मतदान झाले. कारण प्रचारात तोंडाने ‘बैलजोडी’ म्हटले जाई आणि पेटीवरही बैलजोडीच दिसे. रुग्णालयात मात्र चित्र भिंतीवर असते आणि डॉक्टरांच्या बोलण्यात त्याचा उल्लेखही नसतो. असे चित्र शोभेचेच.

अक्षरांच्या आकाराचा हिशेब विद्यार्थ्यांनाही करता येईल. निकोप डोळ्याला अक्षर ओळखता येण्यासाठी त्याच्या उंचीने डोळ्याशी साधारण ५ कला (१ अंश = ६० कला) एवढा कोन करावा लागतो. १० मीटरवरून ही उंची सुमारे १४.५ मिलिमीटर येते. दृष्टी ६/१८ असेल, तर तिप्पट, म्हणजे सुमारे ४४ मिलिमीटर. ही झाली किमान मर्यादा, तीही नेत्रतपासणीच्या तक्त्यावरील सुट्या रोमन अक्षरांसाठी. देवनागरीत शिरोरेखा, मात्रा, जोडाक्षरे यांची दाटी असते. ‘स्त्री’ आणि ‘अस्थि’ यांना अधिक जागा द्यायला हवी. मोतीबिंदूचा रुग्ण ज्या पाटीने नेत्रविभागात जायचा, तिची अक्षरे तरी निकोप डोळ्याच्या मापाने रंगवू नयेत!

जमिनीवरच्या रंगीत पट्ट्या उपयोगी आहेत, पण लाल आणि हिरवी एवढ्याच नकोत. हा फरक न कळण्यास बहुधा कारण होणारी जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे हे गुणसूत्र एकच असल्याने हा दोष पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. निळी आणि पिवळी पट्टी बरी.

आमच्या मते सर्वात स्वस्त सुधारणा आकड्यांची आहे. नोटांमुळे आकडे अक्षरे न येणाऱ्यालाही ओळखीचे असतात. डॉक्टरांनी ‘१२ नंबरला जा’ म्हणावे, केसपेपरवर १२ लिहावे, प्रत्येक वळणावर बाणाशेजारी १२ असावे आणि दारावरही १२च असावे. वळणावर हे विशेष, कारण माणूस अडखळतो तो तिथे; सरळ बोळात दहा पाट्या लावून काय उपयोग? रक्त द्यायला उपाशीपोटी आलेला म्हातारा दोन मजले उगाच चढून येतो, तोवर नमुने घेण्याची वेळ संपते. मग वणीची गाडी पकडायची आणि उद्या पुन्हा यायचे.