शुभ्र चादर

मराठी प्रवासवर्णनात स्वित्झर्लंडचं प्रकरण आलं की मी ‘शुभ्र चादर’ शोधू लागतो. लेखक टिटलिसवर पोचला की ती येतेच. मागोमाग डोळ्यांचं पारणं फिटतं आणि शब्द थिटे पडतात. दिवाळी अंकातला लेख असो, नाहीतर हौसेनं स्वखर्चानं छापलेलं पुस्तक, क्रमही ठरलेला असतो: सुमारे १,००० मीटरवरचं एंगेलबर्ग गाव, केबल कार, मग १९९२ पासून चालणारी ‘रोटेअर’ ही फिरती केबिन, ३,०२० मीटरवरचं स्टेशन, बर्फाची गुहा आणि शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी फोटो.

माझी तक्रार केबल कारबद्दल नाही. हौशी गिर्यारोहकांनी आल्प्सचा खेळ करून टाकला, म्हणून जॉन रस्किन एकोणिसाव्या शतकातच चिडला होता. तो राग आज केबल कारवाल्यांवर काढणं मला उद्धटपणाचं वाटतं. साडीवर स्वेटर घातलेल्या, गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या आजींना तीन हजार मीटरवर नेऊन ठेवणारं यंत्र वाईट कसं म्हणायचं? प्रश्न आहे तो उतरल्यावर लिहिणारा काय पाहतो याचा. रोटेअर वर जाता जाता स्वतःभोवती एक फेरा पूर्ण करते, त्यामुळे प्रवाशाला जागचं हलावं लागत नाही. आपलं हे गद्यही तसंच झालं आहे. ते चहूकडे बघतं, पण थांबत कशापाशीच नाही.

खरं तर मराठीत नेमका शब्द आहे: हिमनदी. त्यात वाहणं आहे. नदी म्हटली की उगम, वळण आणि आटणंही आलं, आणि नदी आटल्याचं लिहिताना आपली भाषा कधी अडखळलेली नाही. चादर मात्र वाहत नाही आणि आटतही नाही. ‘चादर’ म्हटलं की हिमनदीचं कॅलेंडरवरचं चित्र होतं.

गंमत अशी की आता टिटलिसवर उन्हाळ्यात खरोखरच पांढऱ्या चादरी अंथरतात. बर्फ वितळू नये म्हणून हिमनदीचा काही भाग कृत्रिम धाग्यांच्या कापडानं झाकला जातो. फुर्का खिंडीजवळच्या ऱ्होन हिमनदीतली गुहाही अशीच झाकतात. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांनी मिळून सुमारे दहा टक्के बर्फ गमावला. आपली घासून गुळगुळीत झालेली उपमा अक्षरशः खरी ठरली, तरी प्रवासवर्णनांत तिचा अर्थ बदललेला नाही.

हिमनदीबद्दलचं चांगलं लेखन मला फ्रान्समध्ये, शामोनीच्या वर मोंतांवेरला वाचायला मिळालं, आणि तेही पाट्यांवर. समोर मेर द ग्लास, म्हणजे ‘बर्फाचा समुद्र’. १९८८ मध्ये इथे हिमनदीपर्यंत उतरायला केबल कार बांधली, तेव्हा तिच्या खालच्या स्टेशनापासून बर्फ अगदी जवळ होता. मग बर्फ खाली जात राहिला आणि स्टेशन जागच्या जागी राहिलं. मधलं अंतर भरायला पायऱ्या जोडत गेले, त्या पाचशेच्या वर गेल्या. वाटेत पाट्या: अमुक साली बर्फ इथवर होता. एकही विशेषण नाही. १९९० च्या पाटीशी माणूस थबकतो, तेव्हा आपण काय करत होतो ते आठवतो आणि मग कठड्यावरून खाली, बर्फ कुठे गेला ते बघतो. २०२४ मध्ये नवी केबल कार सुरू झाली, ती हिमनदीच्या वरच्या अंगाला. बर्फ मागे सरला, म्हणून माणसांची सोयही त्याच्या मागे सरकली.

मेरी शेली १८१६ मध्ये इथे आली होती. १८१८ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये निर्माता आणि त्यानं टाकून दिलेली निर्मिती याच बर्फावर समोरासमोर येतात. त्याआधी नायकाला हिमनदी ओलांडायला जवळजवळ दोन तास लागतात. शेली बर्फाला असं अंतर देते, आणि मग देखाव्याचं कौतुक थांबवून नायकाला ऐकायला बसवते. प्रवासवर्णनाला यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. त्यासाठी दोन तास चालायलाच हवं असं नाही. केबल कारनं जाणाऱ्यालाही विचारता येतं, ऐकता येतं.

त्यामुळे पुढच्या लेखकाकडे माझं मागणं मोठं नाही. मेर द ग्लासमधली गुहा दरवर्षी नव्यानं कोरावी लागते, कारण बर्फ सरकत असतो. अशी एखादी गोष्ट तिथे काम करणाऱ्या माणसाला विचारून लिहावी. पायऱ्या मोजाव्यात. आणि चादर दिसलीच, तर ती कुणी, कधी आणि कशासाठी अंथरली, तेही सांगावं.