‘झुंड’मधील मैदान : फुटबॉलच्या डावपेचांचे अध्यापन आणि चित्रपटाचे मौन

प्रस्तावना :

नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावरून तो स्फुरला आहे. २००१ मध्ये भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले बारसे यांच्या पाहण्यात आली आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ हा उपक्रम उभा राहिला. चित्रपटात विजय बोराडे या नावाने ही भूमिका अमिताभ बच्चन यांनी साकारली आहे. या कलाकृतीची चर्चा प्रामुख्याने जात, वस्ती आणि नागरिकत्व या अंगांनी झाली व ते योग्यच होते. मात्र तिचा नायक महाविद्यालयीन क्रीडाशिक्षक आहे, या बाबीकडे तुलनेने कमी लक्ष गेले. हा शिक्षक मैदानावर नेमके काय शिकवतो, या प्रश्नाच्या आधारे चित्रपटाचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्यूहरचना आणि डावपेच :

फुटबॉलच्या प्रशिक्षणात कौशल्य, व्यूहरचना आणि डावपेच या तीन गोष्टी वेगळ्या मानाव्या लागतात. चेंडू अडवणे, ढकलणे, मारणे ही कौशल्ये होत. सामन्यापूर्वी ठरणारी संघाची मांडणी, आक्रमणाची बाजू आणि पत्करावयाचा धोका यांचा समावेश व्यूहरचनेत होतो. डावपेच मात्र क्षणाक्षणाला घ्यावयाच्या निर्णयांत असतात. समोर एकच बचावपटू असून सोबत सहकारी असेल, तर चेंडू केव्हा सोडावा? लवकर सोडल्यास बचावपटूला सहकाऱ्याकडे वळण्यास अवधी मिळतो. उशीर केल्यास चेंडूच हिरावला जातो. बचावपटू अंगावर येण्यास बांधला गेला, तोच क्षण योग्य. हा क्षण ओळखणे ही बुद्धीची क्रिया आहे आणि ती शिकवता येते. इंग्लंडमधील लफबरो येथील डेव्हिड बंकर व रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या अध्यापन प्रतिमानाचा गाभा हाच आहे. आधी सुटसुटीत खेळातून समस्या समोर ठेवावी, काय करावे आणि कसे करावे याचा विचार खेळाडूस करू द्यावा आणि गरज भासेल तेव्हा कौशल्य शिकवावे, असा तो क्रम आहे.

‘झुंड’मधील शिक्षक :

चित्रपटाच्या पूर्वार्धात वस्तीतील मुलांचा संघ भिंतीपलीकडच्या महाविद्यालयाच्या संघावर मात करतो. प्रेक्षकाला हा विजय मनापासून हवा असतो. परंतु तो कशामुळे मिळाला, याचे उत्तर चित्रपट जिद्द, वेग आणि अंगभूत गुण यांत शोधतो. सुमारे तीन तासांच्या या चित्रपटात मैदानावरील प्रत्यक्ष अध्यापनाला फार थोडी जागा मिळते. मुले धावताना, भिडताना, गोल करताना दिसतात. विचार करताना क्वचितच दिसतात.

चित्रपट हा प्रशिक्षणाची पुस्तिका नव्हे, हा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्त आहे. तथापि, या चित्रपटाचा सगळा झगडा एका भिंतीशी आहे. वस्ती आणि महाविद्यालय यांच्यामधील भिंत जशी विटांची आहे, तशीच ती समजुतींचीही आहे. एका बाजूकडे बुद्धी आणि दुसऱ्या बाजूकडे केवळ शारीरिक ऊर्जा, ही विभागणी तिच्या पायाशी आहे. वस्तीतील मुलांचे यश उपजत गुणांवर सोडून दिले की ती विभागणी नकळत कायम राहते.

विशेष म्हणजे, या उणिवेचे उत्तर चित्रपटातच आहे. बोराडे मुलांना आपापल्या आयुष्याविषयी बोलते करतात, तो प्रसंग चित्रपटातील सर्वांत प्रभावी प्रसंगांपैकी एक होय. येथे शिक्षक उपदेश करीत नाही. विचारतो आणि ऐकतो. ‘तू तिथे का धावलास? तुला कोण मोकळा दिसला?’ असे प्रश्न त्याच रीतीने मैदानावर विचारले गेले असते, तर हाच शिक्षक डावपेचांचाही शिक्षक ठरला असता.

रहीम यांचा दाखला :

अमित शर्मा दिग्दर्शित ‘मैदान’ (२०२४) हा चित्रपट भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर आहे. रहीम मूळचे हैदराबादचे शिक्षक. ड्रिब्लिंगला मनाई असलेल्या, तसेच केवळ कमजोर पायाने खेळावयाच्या स्पर्धा त्यांनी भरवल्याचे उल्लेख भारतीय फुटबॉलच्या इतिहासात आढळतात. नियम बदलला की खेळाडूला नवा विचार करावाच लागतो, हे त्यामागील तत्त्व बंकर-थॉर्प यांच्या मांडणीशी जुळणारे, पण तिच्या कितीतरी आधीचे आहे. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत गटसामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ असा पराभव झाला. पुढे डोक्याला दुखापत झालेला बचावपटू जर्नेलसिंग याला रहीम यांनी आघाडीला खेळवले. अंतिम सामन्यात त्याच कोरियाला भारताने २-१ असे हरवले. त्यांपैकी एक गोल जर्नेलसिंगचा होता. हा विजय जिद्दीइतकाच विचाराचाही होता.

महाविद्यालयीन मैदानाच्या संदर्भात :

हा प्रश्न केवळ चित्रपटापुरता नाही. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावातून महाविद्यालयात येणाऱ्या युवकाच्या वाट्याला ‘काटक आहे, पळतो छान’ एवढीच प्रशस्ती येण्याचा संभव असतो. ती कौतुकाची वाटली, तरी त्याला विचाराच्या कामातून वगळणारी आहे. वस्तुतः कबड्डी व खो-खो खेळलेला युवक डावपेचांना अपरिचित नसतो. कोपरारक्षक पकडीस गेला की कव्हरने जागा भरावी, हे जाणणाऱ्यास फुटबॉलमधील एकाने चेंडूवर जाणे व दुसऱ्याने मागे आधार देणे नव्याने पटवावे लागत नाही. खो नेमका केव्हा द्यावा हे ज्याला कळते, त्याला चेंडू सोडण्याचा क्षणही कळू शकतो. त्यासाठी मैदानाच्या एका कोपऱ्यात तिघांविरुद्ध दोघे असा छोटा खेळ लावावा, चेंडूला दोनच स्पर्शांची मुभा द्यावी आणि मध्येच खेळ थांबवून प्रश्न विचारावा. यास साहित्य फारसे लागत नाही. शिक्षकाचा धीर मात्र लागतो. कारण उत्तर स्वतः सांगणे सोपे असते.

समारोप :

‘झुंड’ने दुर्लक्षित मुलांना पडद्याच्या केंद्रस्थानी आणले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. त्यांना मैदान मिळाले पाहिजे, हे त्याने ठामपणे सांगितले. मैदान मिळाल्यानंतर तेथे विचार करण्याचा अधिकारही त्यांचाच आहे, हे सांगणे मात्र राहून गेले. ते पूर्ण करण्याची जबाबदारी आता पडद्यावरील नव्हे, तर महाविद्यालयातील क्रीडाशिक्षकाची आहे.